वंश : बांबूचा आणि विद्येचा

वारसाची नोंद असो की जातपडताळणी, कचेरीत 'वंशावळ' मागतात. पणजोबापासून खाली नावे उतरवून आपण सही करतो. त्या कागदावरचा 'वंश' म्हणजे मुळात बांबू, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बासरीला 'वंशी' म्हणतात ती त्यामुळेच. बांबूत पेरावर पेर चढते तशी पिढीवर पिढी, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. आमच्या घरी वंशावळीला 'शजरा' म्हणत. अरबीत 'शजर' म्हणजे झाड. वनस्पतिशास्त्र बांबूला गवतात धरते, पण ते असो.

मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. बृहदारण्यक उपनिषदात 'वंश' हा शब्द येतो तो आचार्यांच्या यादीसाठी. कोण कुणाकडून शिकला, एवढेच तीत आहे. शेवटच्या अध्यायातली यादी तर विलक्षण आहे. पौतिमाषीपुत्र शिकला कात्यायनीपुत्राकडून, तो गौतमीपुत्राकडून, तो भारद्वाजीपुत्राकडून. बहुतेक नावे आईवरून! नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या परिचयाचा आहेच. पुढे पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' टीकेनेही वंश दोन प्रकारचा सांगितला, जन्माने आणि विद्येने. आणि सूफींचा शजरा? त्यातही मुरीद, त्याचा पीर, पिराचा पीर अशीच नावे चढत जातात.

मग आपली वंशावळ इतकी आखूड कशी झाली? माझ्या मते याचे बरेचसे उत्तर वतनात आहे. पाटीलकी-देशमुखीच्या तंट्यांत वंशावळ हा पुरावा ठरला आणि पुराव्याला हवा होता वाटेकरी. बहुतेक जुन्या वंशावळींत लेकी दिसत नाहीत, सुनाही नाहीत. ज्यांनी कुळ वाढवले त्यांनाच कागदावर जागा नाही. 'वंशाचा दिवा' हा शब्दप्रयोग आपण आजही मुलासाठीच राखून ठेवतो.

विद्येचा वंश मात्र गाण्यात टिकला. शब्द 'घराणे', म्हणजे पुन्हा घरच. उत्तरेतल्या कैरान्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, 1937 साली गेले आणि तिथल्याच दर्ग्यात विसावले. त्यांची गायकी कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी उचलली. त्यांच्याकडून ती भीमसेन जोशींकडे आली. या तिघांत रक्ताचे नाते नाही. तरी त्यांना आपण एकाच घराण्याचे म्हणतो आणि त्यासाठी कुणी प्रतिज्ञापत्र मागत नाही.