खाड्याची वही

1984 साली दहावी होऊन आपण पांगलो. दोन वर्षांनी आपल्या वर्गातले आम्ही दोघे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पुन्हा एकत्र आलो. स्मरणिकेसाठी "राहुरीचे दिवस लिही" असा समितीचा निरोप आला, तेव्हा मी मेसवर लिहायचं ठरवलं. आपल्या भागात मुलाचं शिक्षण अडायचं ते बहुतेक वेळा राहण्या-जेवणापाशीच. शाळेत असताना आपल्यापैकी कितीजणांचा डबा एसटीनं यायचा, आठवून पाहा.

हा प्रश्न जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. त्यांतली बहुतेक एकेका समाजासाठी होती. 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे आपल्याला गुरुजींनी सांगितलं होतं.

राहुरीचं विद्यापीठ 1968 चं. नगर-मनमाड रस्त्यावर आमची एसटी थांबायची. वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन उतरलो, तेव्हा पहिली चौकशी केली ती मेसची. मेस मुलंच चालवायची. दर महिन्याला एक सेक्रेटरी. तो बाजार करणार, आचाऱ्यावर लक्ष ठेवणार, महिनाअखेर खर्च मेंबरांवर वाटून बिल लावणार. दुपारी चपाती, पातळ भाजी, भात, आमटी, रविवारी फीस्ट. गावी जाणाऱ्यानं आदल्या दिवशी वहीत नाव लिहायचं. तो खाडा. तेवढ्या दिवसांचे पैसे वाचायचे.

1987 साली दुष्काळ पडला. त्याच वर्षी एका महिन्याची सेक्रेटरीशिप माझ्याकडे आली. वही चाळताना आपल्या मित्राचे सतरा खाडे दिसले. गावी गेला असेल म्हणावं, तर त्यातल्या दोन दिवशी मी त्याला लायब्ररीत पाहिलेलं. मला वाटलं, हा दुसऱ्याच्या नावावर जेवतो. सगळ्या मेंबरांसमोर मी त्याला विचारलं, "खाडा लावतोस आणि जेवतोस कुठं?"

तो काही बोलला नाही. रात्री खोलीवर गेलो तर त्यानं फडकं सोडून दाखवलं. बाजरीच्या वाळल्या भाकरी आणि ठेचा. "विहीर आटलीय रे. आईनं एवढं दिलंय. हे संपलं की येतो मेसला."

दुसऱ्या दिवशी मी आचारीमामांकडे विषय काढला. ते म्हणाले, "मला ठाव हाय. रोज सांजच्याला वाटीभर आमटी धाडतो त्याला. भाकर भिजाया नको का?" सतरा दिवसांची ती आमटी माझ्या वहीत कुठंच नव्हती. त्या महिन्याचा हिशेब पैशापर्यंत जुळला म्हणून मला शाबासकी मिळाली. ती अजून टोचते.

पुढं आम्ही मेंबरांनी फीस्ट साधी केली आणि वाचलेल्या पैशातून अडलेल्याचं बिल भागवायचं ठरवलं. कुणाचं भागवलं ते लिहायचं नाही, हाही नियम केला. तो नियम सुचला आचारीमामांवरून. साताऱ्याची गोष्ट शाळेत ऐकूनही मी ती फक्त पेपरात लिहिली होती.

मित्राचं नाव इथं देत नाही, तुम्ही ओळखालच. खोलीवर मी त्याची माफी मागितली होती. पण विचारलं होतं सगळ्यांसमोर, आणि माफी मागितली दार लावून. म्हणून ती आज इथं, तुम्हा सगळ्यांसमोर मागतो. मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा तेवढी माझ्यासाठी ठेवा.