जपानी यंत्रसंगीत : ऐकलेले आणि वाटलेले



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावरून संगीतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांलाही थोडे वाटलेच. गाण्याबजावण्याचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. जे कळते ते कानाने आणि पुस्तकांनी शिकवलेले. पण आज ज्या संगीताचा इतिहास मांडायचा आहे, तो जितका कलावंतांचा तितकाच कारखान्याचा, आकडे भरणाऱ्या बोटांचा आणि तबकड्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा आहे. त्या बाजूने तो आमच्या आवाक्यात येतो.

प्रारंभ आपल्याच रस्त्यावरून करू. गिरणगावात गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा तिच्यात बेंजो पार्टी असते. टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबून तारांवर वाजवायचा हा बेंजो आपण अस्सल मुंबईकर समजतो. वस्तुतः तो जपानी आहे. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग आणि बेंजो झाले. त्याच्या शेजारी आज जो ऑक्टोपॅड कडाडत असतो, तोही जपानीच. रोलँड कंपनीने तो १९८५ साली बाजारात आणला. एकाच गाडीवर जपानची दोन टोके उभी असतात आणि वाजवणाऱ्या पोरांना त्याचा पत्ताही नसतो. या दोन वाद्यांच्या मधल्या काळात, मुख्यतः १९७८ ते १९८३ या वर्षांत, जपानात जे विजेचे लोकप्रिय संगीत बहराला आले, त्याला तिकडे 'टेक्नो-पॉप' म्हणतात. तोच आजचा विषय.

आमची आणि या संगीताची गाठ एका तरुण सभासदामुळे पडली. रात्रपाळी करून तो युनियनच्या कचेरीत आला आणि कानातल्या दोन बोंडांपैकी एक त्याने आमच्या हाती दिले. पहिल्या मिनिटाला आम्ही तोंड वाकडे केले. यंत्राकडे प्रथम संशयाने पाहावे, हा आमच्या धंद्याचाच संस्कार. पण घरी जाऊन पुन्हा ऐकले, मग पुन्हा ऐकले, आणि आठवड्याने आम्हीच ते दुसऱ्याला ऐकवू लागलो. ऐकवता ऐकवता त्याच्या मागचा इतिहास शोधावासा वाटला.

शोधाच्या आरंभी भेटले ते काकेहाशी इकुतारो. १९३० साली ओसाकात जन्मलेल्या या मुलाचे आईबाप तो दोन वर्षांचा असतानाच क्षयाने गेले. आजीआजोबांनी त्याला वाढवले. युद्धकाळात तो गोदीत राबला. प्रकृतीच्या कारणाने विश्वविद्यालयाचे दार बंद झाले, तेव्हा १९४७ साली त्याने घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले. ती विद्याही बव्हंशी पुस्तके वाचून स्वतः मिळवलेली. पुढे क्षयाने त्यालाही गाठले आणि तरुणपणाची काही वर्षे रुग्णालयात गेली. त्यातून उठून त्याने १९५४ साली विजेच्या सामानाचे दुकान घातले, १९६० साली वाद्यनिर्मितीची कंपनी उभारली आणि १९७२ साली ओसाकातच रोलँडची स्थापना केली. संगीताचे शिक्षण नाही, पदवी नाही. अशा माणसाविषयी आम्हांला आपुलकी वाटली, तर श्रोत्यांनी समजून घ्यावे.

दुसरा धागा तोक्योचा. तोमिता इसाओ या संगीतकाराने १९७१ च्या सुमारास अमेरिकेहून मूग सिंथेसायझर मागवला. ते धूड वाद्य आहे, हेच जकात खात्याला पटेना. त्या यंत्रावर त्यांनी फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या रचना एकट्याने, थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केल्या. १९७४ साली निघालेली ती तबकडी जगभर ऐकली गेली. मात्सुताके हिदेकी हा तरुण तोमितांच्या हाताखाली हे यंत्र चालवायला शिकला. हे नाव लक्षात ठेवावे.

फेब्रुवारी १९७८ मध्ये होसोनो हारुओमी यांनी ताकाहाशी युकिहिरो आणि साकामोतो र्‍युइची या दोघांना आपल्या घरी बोलावले. कोतात्सु म्हणजे रजईखाली शेगडी असलेले बैठे मेज. त्याच्याभोवती बसून, भाताचे गोळे खात, होसोनोंनी आपला बेत सांगितला. मार्टिन डेनी नावाच्या अमेरिकन संगीतकाराने १९५९ साली 'फायरक्रॅकर' ही धून रचली होती. तीत पूर्वेचे कचकड्याचे, पर्यटकांना आवडेल असे चित्र होते. तीच धून विजेच्या वाद्यांवर, नाचाच्या ठेक्यात वाजवून पश्चिमेला परत करायची, हा तो बेत. गोऱ्यांनी रंगवलेला पूर्वेचा मुखवटा पूर्वेनेच हसत हसत तोंडावर चढवावा, असा त्यातला डाव होता. या त्रिकुटाचे नाव 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा'. पहिली तबकडी नोव्हेंबर १९७८ मध्ये निघाली, दुसरी, 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर', सप्टेंबर १९७९ मध्ये. 'टेक्नोपोलिस' आणि 'रायडीन' या धुनी दुसरीतल्या. त्याच वर्षी त्यांनी लॉस एंजेलिस, लंडन, पॅरिस आणि न्यू यॉर्क येथे कार्यक्रम केले. ते परतल्यावर जपानभर त्यांचे वेड पसरले आणि १९८० च्या जपान रेकॉर्ड पुरस्कारांत ही दुसरी तबकडी सर्वोत्कृष्ट ठरली.

नावे तिघांची झाली. रंगमंचावर तारांच्या जंजाळासमोर पाठमोरा बसलेला चौथा माणूस मात्र मात्सुताके होता. त्याच्यापुढे रोलँडचा एम.सी.-८ हा १९७७ साली निघालेला संगीत-संगणक असे. त्याला पट्ट्या नव्हत्या, आकड्यांची बटणे होती. प्रत्येक स्वरासाठी निरनिराळे आकडे भरायचे: स्वराची उंची किती, पुढचा स्वर किती अंतराने, आणि हा स्वर धरून ठेवायचा किती वेळ. एका गाण्यासाठी तासन्‌ तास. वीज गेली की सारी स्मृती पुसली जाई आणि कॅसेटीवरून पुन्हा भरावी लागे. हे वाचले तेव्हा आमचा पहिला गैरसमज गेला. यंत्राचे संगीत म्हणजे बिनकष्टाचे संगीत, असे आम्ही धरून चाललो होतो. कष्ट नाहीसे झाले नव्हते. ते फक्त दिसेनासे झाले होते. रसिकांनी मात्सुताकेला पुढे 'चौथा सभासद' म्हटले, ही त्या दडलेल्या श्रमाला मिळालेली उशिराची पावती होय.

आता हे संगीत पसरले कसे, ते पाहू. १९७९ च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला आणि गाणे खिशात मावू लागले. १९८० साली तोक्योच्या मिताका भागात तबकड्या भाड्याने देणारे दुकान निघाले. विद्यार्थी तबकडी एका रात्रीपुरती नेत, कॅसेटीवर उतरवून घेत आणि सकाळी परत करत. पाहता पाहता अशी दुकाने देशभर झाली. कंपन्या चिडल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १९८४ साली प्रताधिकाराचा कायदा सुधारण्यात आला आणि १ जानेवारी १९८५ पासून अमलात आला. दुकाने बंद पडली नाहीत. परंतु भाड्याच्या व्यवहारात रचनाकार, वादक आणि निर्माते यांचा हक्क मानला गेला आणि मोबदला संघटनांनी आपापसांत वाटाघाटी करून ठरवावा, अशी व्यवस्था झाली. श्रोतेहो, आमचा अर्धा जन्म करार करण्यात गेला आहे. विद्यार्थ्यालाही परवडावे आणि वाजवणाऱ्यालाही मिळावे, असा हा करार आम्हांला नामी वाटला.

यंत्रांची कथा याहून विलक्षण आहे. रोलँडने १९८० साली टी.आर.-८०८ हे तालयंत्र काढले. त्यातला एक विशिष्ट आवाज यावा म्हणून काकेहाशींनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वेचून वापरले होते. तसले ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले तेव्हा, १९८३ साली, उत्पादन थांबले. सुमारे १२,००० नग खपले. यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने ते आरंभीच वापरले. १९८१ चे टी.बी.-३०३ हे तर गिटारवाल्याच्या साथीला खर्ज वाजवण्यासाठी केलेले यंत्र. ते साफ पडले आणि १९८४ पर्यंत बंद झाले. मग ही यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोलाने आली आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या हाती पडली. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधून १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' निघाले, त्यात ८०८ चा ठेका आहे. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ३०३ ची बटणे भलतीच पिळून १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढले आणि एका नव्या संगीतप्रकाराला जन्म दिला. कंपनीने टाकून दिलेले गरिबाने उचलले आणि सोने करून दाखवले.

काकेहाशींचे सर्वांत मोठे काम मात्र याहून निराळे आहे. प्रत्येक कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी अबोला धरून असे. सर्वांची एकच भाषा असावी, हा आग्रह त्यांनी धरला आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व इतर जपानी कंपन्या यांच्या सहकार्याने 'मिडी' हा संकेत ठरला. जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका वायरने जोडून जाहीरपणे वाजवून दाखवण्यात आली. या संकेताबद्दल कुणीही कुणाकडून शुल्क घेतले नाही. २०१३ साली दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ साली वारले.

याच यंत्रांची एक फेरी आपल्या मुंबईतून गेली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-८, ८०८ आणि ३०३ ही यंत्रे जमवून १९८२ साली दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस हे सारे राग यंत्राच्या ठेक्यावर. शिकागोच्या पाच वर्षे आधी! ती फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि चरणजित सिंगांनी उतारवयात युरोपच्या रंगमंचांवर ती वाजवली. २०१५ साली ते मुंबईत निवर्तले.

१९८२ हे वर्ष उच्चारताच आमच्यासारख्याला दुसरेच काही आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, भविष्य एका खोलीत वाजत होते आणि भोंगे बंद पडत होते. त्याच वर्षी लंडनमध्ये वादकांच्या युनियनच्या एका शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. तो टिकला नाही; टिकणारही नव्हता. पण त्या ठरावाला हसणाऱ्यांत आम्ही नाही.

कारण एक क्लॅरोनेटवाले गृहस्थ आमच्या कचेरीत आले होते. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेले. आपल्याकडे पट्ट्यांच्या कोणत्याही विद्युत्-वाद्याला 'कॅसिओ' म्हणतात; असा एक कॅसिओ आला आणि सहा जणांचे काम एक जण करू लागला. ते म्हणाले, "भाऊ, आमचा पगार कुणी कापला नाही, कुणी काढून टाकलं नाही. नुसतं बोलावणंच बंद झालं. तक्रार कुणावर करायची?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. मालक नाही, मस्टर नाही, मागणीपत्र द्यायचे कुणाला? त्यांना चहा पाजून आम्ही वाटेला लावले. ते ओझे अजून उतरलेले नाही.

म्हणून या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो. वाटणे सोपे आहे. वाटणी अवघड आहे. मिडीचा संकेत सर्वांना वाटला गेला आणि त्यातून जग वाजू लागले. परंतु त्या वाजण्याने ज्याचे काम गेले, त्याची वाटणी आपोआप झाली नाही. जपानच्या भाड्याच्या दुकानांत ती झाली, कारण वादक, दुकानदार आणि कंपन्या यांना एका मेजाशी बसावे लागले. आमच्या क्लॅरोनेटवाल्यासाठी मेजच कुणी मांडले नाही, आणि न मांडणाऱ्यांत आम्हीही होतो. यंत्रावर राग काढून मेज मांडले जात नाही. यंत्राचे पोवाडे गाऊनही नाही.

यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९८३ च्या अखेरीस काम थांबवले तेव्हा 'विसर्जन' हा शब्द टाळून 'सांकाइ', म्हणजे पांगणे, हा शब्द योजला. ताकाहाशी ११ जानेवारी २०२३ रोजी गेले, साकामोतो २८ मार्च २०२३ रोजी. फुकुशिमाच्या २०११ च्या दुर्घटनेनंतर साकामोतोंनी अणुविजेविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि २०१२ च्या जुलैत त्यासाठी मोठी संगीतसभा भरवली. आयुष्यभर विजेवर वाजवलेला माणूस, ही वीज येते कोठून आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारू लागला. आमच्या मते ही त्यांच्या संगीताचीच पुढची ओळ होती.

पुढच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी दारावरून जाईल तेव्हा क्षणभर थांबून तिच्याकडे पाहावे. नागोयाचा एक कारागीर, ओसाकाचा एक पोरका घड्याळजी आणि लालबागची चार पोरे एका गाडीवर उभी असतात. गाडीच्या मागून एक क्लॅरोनेटवाला रिकाम्या हाताने चालत असेल, तर तोही आपल्याला दिसावा.