आर्येचा हिशेब आणि ‘नवनीता’चें पान

मोरोपंतांची आर्या आणि अलेक्झांडर पोपची सयमक द्विपदी यांची तुलना करण्याचा मोह इंग्रजी शिकलेल्या वाचकास सहज होतो. दोन्हींत विधान दोन दळांत पुरें होतें, यमक नेमकें पडतें, शब्द मोजून बसविलेला असतो. पोपचा मनुष्यविषयक काव्यनिबंध १७३३–३४ मध्यें निघाला, तेव्हां पंत (१७२९–१७९४) बालक होते. बुद्धिवादाच्या त्या युगास सृष्टीचा नियमबद्धपणा पद्यांत उमटावा असें वाटे, हें खरें; परंतु त्याची छाया बारामतीपर्यंत पोहोंचली असें मानण्यास आधार नाहीं. शीळफाट्यावर कल्याणची व मुंब्र्याची वाट मिळते, म्हणून दोन्ही वाटा एकाच गांवाहून निघाल्या असें कोणी म्हणत नाहीं.

पंतांच्या नेमकेपणाचें मूळ पिंगळांत आहे. ज्यास आपण मोरोपंती आर्या म्हणतों ती शास्त्रतः गीति होय: प्रत्येक दळांत १२ व १८ मिळून ३० मात्रा. चार मात्रांचे सात गण व शेवटीं एक गुरु. विषम स्थानीं जगण निषिद्ध, सहाव्या स्थानीं जगण किंवा चार लघूच. चार मात्रांच्या मांडण्या पांचच होतात, आणि प्रस्ताराची रीत त्यांतील एकहि न गाळतां मोजून देते. बुद्धीची शिस्त याहून निराळी ती काय असते? ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचणारा कवि याच शाळेंतला.

नव्या विद्येच्या व्यवस्थेचा हात लागला तो कवीस नव्हे, पानास. परशुरामतात्या गोडबोले यांचें ‘नवनीत’ १८५४ सालीं निघालें. पोथींत दंड व आंकडा यांवर सलग चालणारें पद्य छापील पानावर चरणशः सुटें झालें, कवींचे वेंचे क्रमानें लागले. गोडबोल्यांनींच ‘वृत्तदर्पण’ लिहिला, व वृत्त हा शाळेंत शिकविण्याचा विषय झाला.

संग्राहकांस यांतून घेण्यासारखें आहे तें असें. मोडींत ह्रस्व-दीर्घ इकाराचा भेद नाहीं, आणि बालबोध पोथ्यांतहि तो सैल असतो. तेथें आर्येचा हिशेब हा पाठनिर्णयास उत्तम साक्षी. ३० मात्रा भरत नसतील तर नक्कल करणाऱ्याचा हस्तदोष शोधावा. हाच गज ओवीस लावणें मात्र घातक. ग्रांथिक ओवीचे तीन चरण सयमक, चौथा तोकडा. अक्षरसंख्या बांधलेली नाहीं. लांब वाटला म्हणून चरण छाटून केलेली ‘शुद्ध’ प्रत एकदां छापली गेली, आणि पोथी कसरीनें खाल्ली, कीं मूळ पाठ कायमचा गेला. ओवीचा चरण असेल तसाच उतरावा. शंका समासांत लिहावी.