व्यस्त समस्या : तरंगांवरून अंतरंगाचा शोध

वस्तूची रचना ठाऊक असताना तिच्यातून तरंग कसा जाईल हे काढणे ही सरळ समस्या. तरंगाचा वेळ आणि जोर बाहेरून मोजून आतली रचना शोधणे ही व्यस्त समस्या. सोनोग्राफी, भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या थरांचा अभ्यास आणि काँक्रीटची ध्वनिचाचणी या सगळ्यांचे गणित एकाच घराण्यातले आहे.

उल्हासनगरात हे गणित घराघरात पोहोचले आहे, मात्र तिथे त्याला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९ साली या वस्तीचे उल्हासनगर झाले. पुढे बराकींच्या जागी बहुमजली इमारती आल्या. मे २०२१ मध्ये कॅम्प १ मधील मोहिनी पॅलेस आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नेहरू चौकातील साईशक्ती या इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी दगावले. महापालिका कायद्याच्या कलम २६५अ प्रमाणे ऑडिटची सक्ती तीस वर्षांवरील इमारतींना असते. नव्वदच्या दशकात घाईने उठलेल्या बहुतेक इमारती तेव्हा त्या वयाच्याही नव्हत्या. अपघातांनंतर महापालिकेने अशा इमारतींना ऑडिटच्या नोटिसा काढल्या.

या ऑडिटमधली ध्वनिचाचणी दिसायला साधी आहे. कॉलमचे प्लास्टर दोन समोरासमोरच्या बाजूंनी खरवडतात, ग्रीस लावतात आणि दोन प्रोब दाबून धरतात. एक श्राव्यातीत स्पंद सोडतो, दुसरा तो पकडतो आणि यंत्र फक्त वेळ दाखवते. कॉलम ३०० मिमी जाड आणि वेळ ७५ मायक्रोसेकंद असेल तर वेग सेकंदाला ४ किमी. भारतीय मानक १३३११ (भाग १, १९९२) नुसार ४.५ च्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगले, ३ ते ३.५ मध्यम आणि त्याखाली शंकास्पद काँक्रीट. हे मानक पुढे बदलले, तरी जुन्या अहवालांत हीच प्रतवारी आढळते.

अडचण अशी, की तरंग सर्वांत लवकरची वाट धरतो. याच कॉलमच्या मधोमध, तरंगाच्या आडवी, ११ सेंमी रुंदीची चपटी पोकळी असली, तर तो तिला वळसा घालून सुमारे ३२० मिमी चालतो. वेळ ८० मायक्रोसेकंद येतो, वेग ३.७५ दिसतो आणि शेरा पडतो ‘चांगले’. पोकळी नसलेल्या, पण मुळातच थोड्या हलक्या काँक्रीटचे वाचनही नेमके हेच येईल. वाटेला समांतर सळई असेल तर पोलादातला जास्त वेग दोष झाकतो. ओले काँक्रीटही कोरड्यापेक्षा थोडे बरे दिसते, म्हणून पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली वाचने एकाच मापाने तोलणे धोक्याचे.

मग वाचने वाढवावीत, हा उपाय सुचतो. तो पुरेसा नाही. कॉलमच्या आडव्या छेदाचे चार चौकोन कल्पावेत आणि दोन ओळींतून व दोन रकान्यांतून एकेक तरंग सोडावा. अज्ञात चार, वाचने चार, तरी उत्तर एकच येत नाही. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा चौकोन जेवढा मंद करावा, तेवढेच उरलेले दोन जलद केले, तर चारही बेरजा जशाच्या तशा राहतात. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा तरंग सोडला की हा लपंडाव उघडा पडतो. म्हणून टोमोग्राफीत, म्हणजे अनेक तरंगांवरून आतल्या छेदाचा नकाशा काढण्याच्या तंत्रात, वाचनांच्या संख्येपेक्षा दिशांचे वैविध्य महत्त्वाचे. भिंतीला चिकटलेल्या आणि एकाच बाजूने हात पोहोचणाऱ्या कॉलमबाबत नेमके तेच मिळत नाही.

फ्रेंच गणिती झाक आदामार यांनी १९०२ मध्ये सुघटित समस्येच्या अटी मांडल्या : उत्तर असावे, ते एकच असावे आणि मोजमापात किंचित फरक पडल्यास उत्तरही किंचितच बदलावे. व्यस्त समस्या बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या अटीवर घसरतात. रशियन गणिती आंद्रेई तिखोनोव यांच्या नावाने ओळखली जाणारी नियमन पद्धत यावर तोडगा काढते. मोजमापांशी जुळणाऱ्या असंख्य उत्तरांतून ती सर्वांत सौम्य चढउतारांचे उत्तर निवडते. हा सौम्यपणा काँक्रीटने सांगितलेला नसतो, गणित करणाऱ्याने धरलेला असतो. रंगीत नकाशा हाती आला की सोसायटीच्या सभेत ही गोष्ट कोणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न हाच हवा. सोनोग्राफीचे यंत्रही शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरूनच चित्र काढते.

एकाच उत्तराची अट ढोलाबाबतही मोडते. गणिती मार्क कॅक यांनी १९६६ मध्ये ढोलाच्या आवाजावरून त्याचा आकार ओळखता येईल का, असे विचारले होते. १९९२ मध्ये गॉर्डन, वेब व वोल्पर्ट यांनी वेगळ्या आकाराचे, पण अगदी तेच स्वर देणारे दोन ढोल कागदावर रचून नकार सिद्ध केला. पृथ्वीच्या बाबतीत तरंगांनी चांगली साथ दिली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डम यांनी १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून गाभ्याचा पुरावा दिला. कोयनेत १९६७ च्या भूकंपानंतर सत्तरच्या दशकात भूकंपीय सर्वेक्षण झाले, तरी बेसॉल्टची नेमकी जाडी पुढे छिद्र घेऊनच पक्की झाली. तिथल्या पहिल्या खोल छिद्रात ती ९३३ मीटर भरली.

इमारतीतही तेच करतात. शंकास्पद जागी कोअर काढून तो प्रयोगशाळेत दाबून फोडतात आणि सळईच्या गंजासाठी वेगळी विद्युत चाचणी घेतात, कारण काँक्रीट तडकेपर्यंत गंज ध्वनीला फारसा जाणवत नाही. या सगळ्यांवरून इमारत सी-१ (अतिधोकादायक, तातडीने पाडावी), सी-२अ (रिकामी करून दुरुस्ती), सी-२ब (रिकामी न करता दुरुस्ती) की सी-३ (किरकोळ दुरुस्ती) हे ठरते.