सिंदखेड राजा : एका जुन्या नगराच्या जतनाचा प्रश्न

मंठ्याहून वायव्येस सिंदखेड राजाकडे जाणारा अभ्यासक वाटेत एक जुनी राजकीय सीमा ओलांडतो. १९४८ पर्यंत मंठ्याचा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सिंदखेड ज्या वऱ्हाडात मोडते, तो १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. भाषा व व्यवहार एक असूनही या शेजारी गावांचा इतिहास दोन निराळ्या दप्तरांत विभागला गेला. मंठ्याच्या बाजूने सिंदखेडाचा अभ्यास फारसा झाला नाही, याचे एक कारण येथे शोधता येईल.

याच १८५३ साली फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक याने कार्कासॉन या तटबंदीच्या नगराची डागडुजी आरंभिली. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने सरहद्द दक्षिणेस सरकली, कार्कासॉनचे लष्करी महत्त्व संपले आणि तट ढासळू लागले. पुढे ते पाडण्याचाच निर्णय झाला. स्थानिक विद्वान व प्रॉस्पेर मेरिमे यांच्या प्रयत्नांनी तो टळला. परंतु बुरुजांवर चढविलेली पाटीच्या दगडाची निमुळती छपरे त्या दक्षिणी प्रांतास परकी होत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. आज प्रवासी पाहतो ते नगर काही अंशी तेराव्या शतकाचे, तर काही अंशी एकोणिसाव्या शतकाचे आहे.

सिंदखेडास असा पुनर्निर्माता लाभला नाही. येथील जाधवांचे घराणे देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगत असे. १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म येथे झाला, असे मानले जाते. १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे दोन पुत्र व नातू यांची हत्या झाली. घराणे तरीही टिकले. १७५७ मध्ये मराठे व निजाम यांची लढाई याच गावाभोवती झाली, तेव्हा रामचंद्र जाधव येथेच होते. मात्र १८०४ च्या सुमारास दुष्काळ व पुंडाई यांनी परिसर उजाड झाल्याचे आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारावरून दिसते. राजवाड्याचे प्रवेशद्वार, काळाकोटाच्या भिंती, लखुजींची समाधी, नीळकंठेश्वराचे मंदिर, मोती तलाव व पुतळा बारव हे अवशेष मात्र राहिले. वैभव ओसरल्यावर जुने पाडून नवे उभारण्याची ऐपत उरत नाही. दारिद्र्यही कधी कधी जतनास साहाय्य करते.

तथापि टिकणे आणि जतन होणे या भिन्न गोष्टी होत. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जयंतीनिमित्त येथे मोठा जनसमुदाय लोटतो. ही श्रद्धा गावाचे मोठे बळ आहे. परंतु तिच्यामुळे सारे नगर एकाच जन्मप्रसंगाच्या चौकटीत पाहिले जाण्याचा संभव असतो. २०२४ साली लखुजींच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम चालू असता मंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. जाधवांच्या नगराखाली त्याहून जुनी वस्ती दडलेली आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

म्हणून सिंदखेडाचे जतन करताना कोणत्याही एका कालखंडास संपूर्ण नगर मानणे इष्ट नव्हे. कार्कासॉनचा धडा हाच की, दुरुस्ती करणाऱ्या हाताची खूणही इतिहासात जमा होते. ती खूण जितकी कमी, तितका खालचा थर पुढील पिढीस वाचता येईल.