फ्रान्सचे रिकामे पाळणे

युरोपात जन्मदराची घसरण सर्वांत आधी सुरू झाली ती फ्रान्समध्ये, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारखान्यांची धुराडी तिथे अजून उभी राहायची होती. आधुनिक गर्भनिरोधके नव्हतीच, शेतकरी जोडप्यांची भिस्त संयमावर आणि सावधगिरीवर. १८०४च्या नेपोलियन संहितेने वारसाहक्कात मुलामुलींना समान केले. चार मुले म्हणजे शेताचे चार तुकडे, हा हिशेब त्यामुळे पक्का झाला असे म्हणतात. पण घसरण त्याआधीचीच, म्हणजे सगळे खापर कायद्यावर फोडता येत नाही.

१८७१मध्ये जर्मनांकडून हार पत्करल्यावर घरातली ही गोष्ट राष्ट्राची चिंता झाली. १९११च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या जेमतेम चार कोटी, जर्मनीची साडेसहा. संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी १८९६मध्येच लोकसंख्यावाढीसाठी संघटना काढली होती. पहिल्या महायुद्धात तरुणांची पिढी कापली गेली आणि १९२०मध्ये सरकारने गर्भनिरोधनाच्या प्रचारावर बंदी घातली. त्याच वर्षी मातांसाठी पदके आली: पाच मुलांना कांस्य, आठांना रौप्य, दहांना सुवर्ण. पदकांनी पाळणे हलले नाहीत. १९३९च्या कुटुंबसंहितेने रोख भत्ते वाढवले. जन्म वाढू लागले ते १९४२पासून, देश जर्मनांच्या ताब्यात असताना.