‘पीएल-पायथन’ बसत नाही, तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे असतो

ग्रामपंचायतींच्या वस्त्यांतून १९८५ मध्ये नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक होती. इतक्या माणसांच्या शहरात गृहनिर्माण संस्थांची देखभाल बिले, सभासदांच्या याद्या आणि थकबाकीचे हिशेब संगणकावर असणे ओघानेच आले. समजा, अशी यादी सांभाळणाऱ्या एखाद्या छोट्या कार्यालयात ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शोधले आणि निम्मेच सभासद सापडले. पडद्यावर आडनाव सारखेच दिसते. परंतु त्यातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. परिणामी कुणाला बिल जात नाही, तर कुणाच्या नावे दुहेरी थकबाकी दिसते.

अशी नावे जुळवण्यासाठी पोस्टग्रेस-एसक्यूएल या विनामूल्य डेटाबेसमध्येच पायथन भाषा चालविण्याची सोय आहे. तिचे नाव ‘पीएल-पायथन’. केवळ एका अक्षराची अदलाबदल करायची असेल तर एसक्यूएलमधील ‘रिप्लेस’ पुरेसे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. नावांतील साधर्म्य मोजण्यासारखी गुंतागुंत असेल तरच हा खटाटोप करावा.

२०११ मध्ये आलेल्या ९.१ या आवृत्तीपासून अशी जोडणी ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ या एका आज्ञेने होते. मात्र ही आज्ञा काहीही डाऊनलोड करीत नाही. संगणकावर आधीच असलेल्या फायलींची डेटाबेसमध्ये नोंद करते, इतकेच. ‘कंट्रोल फाइल उघडता आली नाही’ असा संदेश आला, तर फायलीच आलेल्या नाहीत असे समजावे. उबुंटू वा डेबियनवर त्यासाठी वेगळे पॅकेज घ्यावे लागते आणि त्याच्या नावातील आकडा चालू असलेल्या सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो. एकाच संगणकावर जुना आणि नवा असे दोन सर्व्हर असतील, तर हमखास इथेच गफलत होते. जुन्या पुस्तकांतील पायथन-२ ची आज्ञाही आता उपयोगाची नाही. १५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, तो आधार काढून टाकण्यात आला आहे.

खरी दमछाक होते ती विंडोजवर. तेथील प्रचलित इन्स्टॉलर एंटरप्रायझडीबी ही कंपनी तयार करते. तिचे एक कार्यालय पुण्यातही आहे. ‘लायब्ररी लोड करता आली नाही, मॉड्यूल सापडत नाही’ असा संदेश वाचून माणूस पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये पाहतो, तर ती डीएलएल तिथे मुकाट्याने बसलेली असते! संदेश दिशाभूल करणारा आहे. हरवलेली असते ती तिला लागणारी पायथनची डीएलएल. जोडणी पायथनच्या ज्या आवृत्तीसाठी बांधलेली असेल, नेमकी तीच लागते. त्याहून नवी असून भागत नाही. ती कोणती, हे इन्स्टॉलरसोबतच्या टिपणात पाहावे. ६४ बिटी सर्व्हरला ३२ बिटी पायथनही चालत नाही. शिवाय पायथन सहसा वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरमध्ये बसतो आणि डेटाबेसची सेवा वेगळ्याच खात्याने चालते. तिला ते फोल्डर दिसत नाही. म्हणून पायथन ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवावा, त्याचा मार्ग सिस्टीमच्या ‘पाथ’मध्ये घालावा आणि नंतर सेवा पुन्हा सुरू करावी. ही शेवटची पायरी विसरली, तर आधीचे सर्व करूनही संदेश तोच येतो, कारण सेवा ‘पाथ’ फक्त सुरू होतानाच वाचते.

जोडणी झाली, पण पायथनची एखादी लायब्ररी सापडत नसेल, तर कारण बहुधा हेच असते: ती लायब्ररी वापरकर्त्याच्या खात्यात आहे, सेवेच्या नाही. तसेच जोडणी एकेका डेटाबेसपुरती असते. शेजारच्या डेटाबेसमध्ये ती आपोआप येत नाही.

‘परवानगी नाही’ हा संदेश मात्र अडथळा मानू नये. या भाषेच्या नावाच्या शेवटी असलेला ‘यू’ म्हणजे ‘अविश्वसनीय’. तिच्यातील कार्यपद्धती सर्व्हरच्या खात्याला वाचता येणारी कोणतीही फाइल उघडू शकते. म्हणूनच ती बसविण्याचा आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार सुपरयूजरलाच दिलेला आहे. घाईघाईने बिलाच्या प्रोग्रामच्या खात्यालाच सुपरयूजर करून टाकले की संदेश नाहीसा होतो खरा, परंतु त्या प्रोग्राममधील एखाद्या फटीतून शेकडो कुटुंबांचे फोन क्रमांक आणि हिशेब बाहेर जाण्याची वाट मोकळी होते. योग्य रीत अशी, की सुपरयूजरने जोडणी आणि कार्यपद्धती तयार करावी व प्रोग्रामच्या खात्याला ती केवळ चालविण्याची मुभा द्यावी. ॲमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या सेवेत तर ही भाषा उपलब्धच नाही. तिथे नावे जुळविण्याचे काम डेटाबेसबाहेर स्वतंत्र पायथन प्रोग्राममध्ये करावे लागते.